बयानात न आलेलं हसू

ती घटना आठवली की आजही मला आधी ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातला तो लाकडी बाक दिसतो. बाकाचा एक पाय आखूड होता, त्याखाली विटेचा तुकडा सरकवलेला असे, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी नऊ ते अकरा त्यावर छान ऊन येई. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, चंबळच्या बाजूला दोन वर्षं काढली. पण कोणी विचारलं, की साहेब, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती, तर मी त्या बाकाचीच गोष्ट सांगतो. या प्रकरणात कोणाचं रक्त सांडलं नाही. एका माणसाची नोकरी मात्र जवळजवळ माझ्या हातून गेली होती.

दिवस विलीनीकरणाचे. आधी संस्थान गेलं, मध्यभारत आलं. त्याची सवय होते न होते तोच मध्यभारतही गेलं आणि नवं राज्य आलं. राजधानी भोपाळला. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या एकेक करून बासनं बांधत होत्या. लष्कर भागात ज्या घरात जावं तिथे एकच विषय: कोणाचं नाव कोणत्या यादीत आहे. बदलीची यादी, सेवाज्येष्ठतेची यादी, कायम करायच्या माणसांची यादी. आम्ही पोलीससुद्धा त्यातलेच. आमचं घराणं दख्खनेतून आलेल्या शिलेदारांचं, वडील संस्थानच्या फौजेत होते, आणि मी नवा सब-इन्स्पेक्टर, लोक दरोगाजी म्हणत. माझं नाव नव्या यादीत कितवं येईल या काळजीत मीही होतो. यादी हा शब्द ऐकला तरी माणसाचा चेहरा बदले असे ते दिवस होते.

अशात एक दिवस टोपी बाजारातले एक शेठ चौकीवर आले. बटणं, लेस, सुई-दोरा यांचा त्यांचा घाऊक धंदा. माणूस सज्जन, बोलका, जरा घाबरट. आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"दरोगाजी, बात कुछ नहीं है," त्यांनी सुरुवात केली. ज्याची बात काहीच नसते तो चौकीवर येत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. हळूहळू बाहेर आलं ते असं: त्यांच्या दुकानासमोर चहावाल्याचा बाक आहे. गेले तीन आठवडे एक मास्तर सुट्टीच्या दिवशी सकाळभर आणि इतर दिवशी शाळेच्या आधी तिथे येऊन बसतो. हातात वही. लोक बोलतात आणि हा लिहितो. कोणाशी बोलत नाही, भाव करत नाही, नुसता ऐकतो आणि लिहितो. "अब भैया, लोग कहते हैं... हमें तो मालूम नहीं, झूठ क्यों बोलें... पर सुना है के मराठी बोलने वाले बाबुओं की लिस्ट बना रहा है. किसको भोपाल भेजना है, किसको घर बिठाना है. सच-झूठ भगवान जाने!"

मी मुन्शीजींना खूण केली. आमचे मुन्शीजी म्हणजे लेखनिक हेड कॉन्स्टेबल, अक्षर मोत्यासारखं, संस्थानच्या काळापासून बयानं, म्हणजे जबान्या, लिहीत आलेले. शेठ पंधरा मिनिटं बोलले, मागे गेले, पुढे गेले, दोनदा हसले, एकदा कानाला हात लावला. मुन्शीजींच्या कागदावर त्याच्या चार ओळी झाल्या: सदर इसम बाजारात बसून मराठी भाषिक शासकीय कर्मचाऱ्यांची यादी तयार करतो, त्यामुळे बाजारात असंतोष आहे. मी तो कागद वाचला, मला पसंत पडला. शेठनी सही केली. बयान असंच लिहायचं असतं, हे मला शिकवलं होतं आणि मीही पुढे चार जणांना शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गेलो. मास्तर बाकावर होते. वय पस्तिशीचं, बंद गळ्याचा कोट कोपरावर विरलेला, जयेंद्रगंजमधल्या एका शाळेत तात्पुरते शिक्षक. त्यांचे आजोबा दरबारात पुराणिक होते असं नंतर कळलं. मी वही मागितली. त्यांनी लगेच दिली, वर कोटाच्या खिशातून आणखी दोन काढून दिल्या. अपराधी माणूस इतक्या पटकन देत नाही. पण मी मनाशी म्हटलं, फारच पोचलेला दिसतोय.

चौकीवर आणून मी त्यांना समोर उभं केलं. रूळ हातात घेतला.

"काय लिहिता?"

"लोकांचं बोलणं. म्हणजे ते बोलतात कसं, हे मला..."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही. मला असं वाटलं, की आता सगळी घरं पांगणार, तर..."

"यादी कुठे देता?"

"यादी नाहीये हो ती. त्यात नावंच नाहीत, कारण मला..."

"नावं नाहीत तर ही अक्षरं कसली? श, ग, स?"

"श म्हणजे शेठ, ग म्हणजे..."

"आणि या रेघा? हे गोल? सांकेतिक भाषा आहे?"

"खूण आहे ती. माणूस जेव्हा बोलता बोलता..."

मी रूळ टेबलावर आपटला. तासभर हे चाललं. मध्ये एकदा ते म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का?" मी पुढचा प्रश्न विचारला. तेव्हा मला वाटत होतं की माझी तफ्तीश, म्हणजे चौकशी, फार कडक चालली आहे.

संध्याकाळी त्यांना घरी जाऊ दिलं, वह्या ठेवून घेतल्या आणि वरिष्ठांकडे अहवाल पाठवला. त्यात लिहिलं: इसमाने समाधानकारक उत्तर दिले नाही, हालचाली संशयास्पद. मुन्शीजींनी त्याची सुंदर प्रत केली.

आठ दिवस गेले असतील. मुन्शीजींनी माझ्यापुढे कागदांचा एक गठ्ठा ठेवला. नव्या राज्यात ज्या तात्पुरत्या नोकरांना कायम करायचं होतं त्यांच्या चारित्र्याची पडताळणी पोलिसांकडून व्हायची, ते कागद. वरून तिसरं नाव मास्तरांचं होतं. मुन्शीजी घसा खाकरून म्हणाले, "साब, इनके बारे में तो अपनी रपट गई हुई है. 'संदिग्ध' लिख दूँ?"

लिहा म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. संदिग्ध, म्हणजे संशयित, हा शब्द त्या कागदावर गेला असता तर मास्तरांना शाळेतून घरी पाठवलं असतं, आणि पुन्हा कोणत्याही सरकारी दारात उभं केलं नसतं. त्याच सकाळी मी चौकीच्या फाटकाशी एक बाई पाहिल्या होत्या. कडेवर मूल, डोक्यावरून पदर. शिपायाने विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, वह्या परत मिळतील का एवढंच विचारायचं होतं. हे जेवत नाहीयेत." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या. मास्तरांच्या पत्नी त्या. नवऱ्यावर खटला होईल का, नोकरी राहील का, असं काही विचारलं नाही. वह्या मागितल्या.

त्यातच साहेबांचा, म्हणजे आमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा निरोप आला: जप्त वह्यांत काय आहे त्याचा गोषवारा पाठवा. खरं सांगतो, तोवर मी त्या वह्या वाचल्याच नव्हत्या. चाळल्या होत्या. दुपारी जेवण झाल्यावर दार लोटून बसलो.

पहिल्या पानावर खुणांचा अर्थ लिहिला होता, अगदी शाळेतल्या फळ्यावर लिहावा तसा. आडवी रेघ म्हणजे माणूस गप्प झाला. जितकी लांब रेघ तितका वेळ गप्प. तिरकी रेघ म्हणजे दुसऱ्याने मध्येच तोडलं. गोलातला ह म्हणजे हसला. माझी सांकेतिक भाषा ही. पुढे पानंच्या पानं बाजार. गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी घरच्यांची खुशाली कशी विचारतं. मराठी बायका एकमेकींत मराठी बोलताना दुकानदाराकडे वळल्या की आवाज कसा चढतो. कॉलेजची मुलं "अगं, मी तुला सांगितलं ना, के वो" म्हणून वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत कशी संपवतात. मी जन्मापासून त्या बाजारात वावरलेला, हे सगळं माझ्या कानावरून रोज जात होतं आणि मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. वाचता वाचता मी दोन-तीनदा मोठ्याने हसलो. मुन्शीजींनी दार उघडून पाहिलं.

मग मी त्या पानाशी आलो. वार मंगळवार. शेठच्या दुकानासमोर रोज एक निवृत्त सुभेदार येऊन बसत. संस्थानची फौज मोडली तेव्हा घरी बसलेले, मिशीला पीळ, आणि चेष्टा केल्याशिवाय चहा न उतरणारे. सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणत. पानावर असं होतं:

श: काए सुभेदार साब, ये मास्टर दिन भर का लिखता रहता है?

स: तुझं नाव लिहून घेतोय. जे जास्त बोलतात त्यांना भोपालला धाडणार आहेत, तलावावर लाटा मोजायला.

त्यापुढे गोलातला ह, एकदा सुभेदारांचा, एकदा शेठचा, एकदा चहावाल्याचा.

गुरुवारी शेठ एका गिऱ्हाइकाला सांगतात: मास्टर नाम लिख रहे हैं, भोपाल भेजने को. एकच ह. गिऱ्हाइकापुढे आडवी रेघ. मग, सच्ची?

शनिवारी कोणी कचेरीतला बाबू आलेला. तो म्हणतो: सुना है मराठी वालों की लिस्ट बन रही है. आणि ज्या शेठनी मंगळवारी स्वतःच्या कानांनी ती चेष्टा ऐकून पोट धरून हसून घेतलं होतं, ते शेठ म्हणतात: हाँ भैया, सुनी तो हमने भी है. त्या पानावर ह कुठेच नव्हता. खाली मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: मंगळवारचं हसू शनिवारी राहिलं नाही. कुठे गेलं?

मी वही मिटली. अफवा कुठे जन्मते हे शोधायला आम्ही पोलीस महिने घालवतो आणि तरी हाती काही लागत नाही. इथे या माणसाने स्वतःवरचं बालंट तारीखवार लिहून ठेवलं होतं, तेही माझ्याच ताब्यातल्या वहीत.

संध्याकाळी मी जयेंद्रगंजला त्यांच्या घरी गेलो. गणवेश न घालता गेलो. बाईंनी सतरंजी घातली. मास्तर समोर बसले. मी विचारलं, "मास्तर, हे तुमच्याचबद्दल चाललं होतं, कळत नव्हतं का तुम्हाला?"

"कळत होतं की."

"मग उठून सांगायचं नाही का, की बाबांनो, असं काही नाही?"

त्यांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "मी मध्ये बोललो असतो तर त्यांचं बोलणं बिघडलं असतं, दरोगाजी. मग ते माझ्याशी बोलले असते. मला ते एकमेकांत कसे बोलतात ते पाहिजे होतं." आतून बाईंचा आवाज आला, "बघा! आता यांना काय म्हणायचं, तुम्हीच सांगा." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. माणूस आपल्या कामाला इतका धरून, की स्वतःच्या गळ्याभोवती दोर वळला जात होता तर तो दोर कसा वळतात ते टिपून घेत होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब उत्तरेकडचे, मितभाषी. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोघांना बोलवा. शेठ आणि सुभेदारकाका आले. साहेबांनी मला वही वाचायला सांगितली. मी वाचू लागलो. ह आला तिथे अडखळलो, तर साहेब म्हणाले, "वो भी पढ़ो." तेव्हा मी, गणवेशातला सब-इन्स्पेक्टर, वरिष्ठांच्या खोलीत उभा राहून म्हटलं, "इथे शेठ हसले."

सुभेदारकाका लगेच बोलले, "हो, मीच बोललो ते! लाटा मोजायचं पण मीच. अरे, मजाक होती ती, साहेब. त्या बिचाऱ्याचं काय करून बसलात?"

शेठचा चेहरा मात्र पडला. शनिवारचं पान आलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "हुजूर, बाबू ने इतने यकीन से कहा के हमें लगा, और कहीं से भी बात निकली होगी. अपनी ही बात घूम के आई और हम पहचाने नहीं." हे ते अगदी मनापासून म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. त्या महिन्यांत आम्ही सगळेच यादी या शब्दाला इतके भ्यालो होतो, की कोणीही सांगितलं असतं तरी खरं वाटलं असतं.

साहेबांनी शेठचं ते बयान उचललं, चार ओळींचं. "आपने 'सुना है' कहा था?"

"कहा था हुजूर. चार बार कहा होगा."

साहेब माझ्याकडे वळले. "इसमें तो नहीं है. न 'सुना है', न हँसी. कहाँ गई?"

मी म्हणालो, "साहेब, बयानात हसू लिहायची पद्धत नाही."

"अच्छा," ते म्हणाले. "और नौकरी किसकी जाती? पद्धत की?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मुन्शीजींवर ढकलता आलं असतं. नाही ढकललं, एवढंच त्या दिवसाचं माझं पुण्य. माझा अहवाल चुकीचा आहे, बयान मी अर्धवट घेतलं, असं मी तिथेच स्वतःच्या हाताने लिहून दिलं. माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि पुढच्या यादीत माझं नाव दोन जागा खाली आलं. मास्तरांच्या कागदावर मात्र मी लिहिलं: चारित्र्य उत्तम. त्याखाली सही करताना आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेलं पुन्हा वाचून पाहिलं.

वह्या मी स्वतः नेऊन दिल्या. शेठनी मास्तरांना हाताला धरून पुन्हा बाकावर बसवलं, चहा पाजला, सुभेदारकाकांनी जाहीर केलं की आता हे आपले मास्तर, यांना बसू द्या. आणि झालं काय, की बाजार मास्तरांसाठी बोलू लागला. मी एकदा गंमत बघायला गेलो. शेठ गिऱ्हाइकाला "पधारिए श्रीमान" म्हणत होते. सुभेदारकाका तर फौजेत हुकूम द्यावा तसे एकेक वाक्य तोलून टाकत होते, आणि दर वाक्यानंतर वहीकडे बघत होते. मास्तर आठवडाभर बसले. मग एका सकाळी त्यांनी टोपण पेनाला लावलं ते लावलंच. त्यांच्या कामाचा तो बाक गेला, तो कायमचा, आणि ते माझ्यामुळे. याची भरपाई कोणत्याही अहवालाने झाली नसती.

उन्हाळ्यात त्यांची कायमची नेमणूक झाली, पण दूर, नर्मदेच्या बाजूच्या एका गावी. जायच्या आदल्या दिवशी ते चौकीवर आले. अंगातल्या कपड्यांना नीट इस्त्री, हातात एक घडी घातलेला कागद. "हे तुमचं पान," म्हणाले. "आठवून लिहिलंय, चौकशी झाली त्याच संध्याकाळी. तुमच्याजवळ असावं."

मी घडी उघडली. वर प आणि म अशी अक्षरं. प म्हणजे पोलीस. माझे सगळे प्रश्न शब्दन् शब्द होते आणि प्रत्येक प्रश्न पूर्ण होता. म च्या ओळी मी एकामागून एक खाली वाचत गेलो. प्रत्येक ओळीच्या टोकाला तिरकी रेघ होती. लोकांचं बोलणं, म्हणजे ते बोलतात कसं, हे मला, तिरकी रेघ. मला असं वाटलं, तिरकी रेघ. तासाभरात मी त्या माणसाला एकही उत्तर पूर्ण करू दिलं नव्हतं, आणि वर लिहून पाठवलं होतं की समाधानकारक उत्तर दिले नाही.

एकच ओळ तेवढी पूर्ण होती. थोडं पाणी मिळेल का? त्याच्यापुढे माझी आडवी रेघ होती, कागदाच्या काठापर्यंत गेलेली.

पुढे नोकरीत मी कितीतरी माणसं समोर बसवली. उभं कोणाला केलं नाही. आधी पाणी द्यायचो आणि मग बोलू द्यायचो, कितीही फाटे फुटले तरी. हाताखालचे लोक पाठीमागे मला 'प्याऊवाले साब', म्हणजे पाणपोईवाले साहेब, म्हणत, ते मला ठाऊक होतं. अनुभवाने सांगतो, माणूस कामाचं जे बोलतो ते बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी बोलतो. तिथपर्यंत थांबायला फार धीर लागतो, आणि तो आमच्या खात्यात कोणी शिकवत नाही. मला तो एका विरलेल्या कोटातल्या मास्तरांनी शिकवला.

ते पान मिळालं त्या दिवशी मात्र, कागद खिशात ठेवून मी उठलो. कोपऱ्यातल्या मडक्यातून पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेला उचलला, सगळा प्यायले.

"बसा मास्तर," मी म्हणालो. "त्या दिवशी काय सांगत होता ते सांगा."

ते बसले आणि बोलू लागले. बराच वेळ बोलले. मी मध्ये काही बोललो नाही.